बोटं मोजून काय होणार?

तर मंडळी, शनिवार उजाडलाय, दुसरा चहा झालाय आणि ऑफिसचा लॅपटॉप मुद्दाम बॅगेतच कोंबून ठेवलाय. तेव्हा गेले काही महिने डोक्यात भुणभुण करणारा एक विषय आज लिहूनच टाकतो.

हल्ली शाळांच्या आणि पालकांच्या ग्रुपांवर एक यादी फिरते. 'एआयने बनवलेलं चित्र ओळखण्याच्या दहा खुणा.' बोटं मोजा. दोन्ही कानांतले डूल सारखे आहेत का बघा. मागच्या पाटीवरची अक्षरं वाचता येतात का बघा. सावली कुठे पडलीये बघा. चौथी ते सातवीच्या मुलांना वर्गात ही यादी वाचून दाखवतात, मुलं ती वहीत उतरवून घेतात, 'सायबर जागृती' झाली म्हणून एक फोटो निघतो आणि विषय संपतो. (तो फोटो मात्र खरा असतो.)

माझा या यादीवर राग आहे. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. मला ती यादी जुन्या व्हर्जनमधल्या बगांची यादी वाटते. आणि जुन्या व्हर्जनचे बग पाठ करून कुणी नवं व्हर्जन वापरायला बसत नाही.

बोटांचं काय होतं ते थोडक्यात सांगतो. ही प्रोग्रॅमं कोट्यवधी फोटो बघून शिकतात. पण 'हाताला पाच बोटं असतात' असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. 'अशा ठिकाणी अशा रंगाचे ठिपके येतात' एवढंच ती शिकतात. चेहरा फोटोत बहुतेक वेळा समोरून, मोठा आणि एकाच घडणीचा असतो. हात मात्र कधी मुठीत, कधी खिशात, कधी दुसऱ्याच्या खांद्यावर अर्धा दिसणारा, आणि अख्ख्या फोटोत त्याची जागा एवढीशी. म्हणून सुरुवातीला हातांचा गोंधळ व्हायचा. मार्च २०२३ मध्ये पोपचा पांढऱ्या फुगीर जॅकेटातला फोटो जगभर फिरला तेव्हा हाताकडे नीट बघणाऱ्यांना काहीतरी बिघडल्याचं दिसत होतं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलच्या जेमिनीवर साड्यांच्या फोटोंची लाट आली तेव्हा बोटं मोजून काही हाती लागणं अवघड झालं होतं. बाजारात माल दर सहा महिन्यांनी बदलतो आणि आपण पोरांना तीन वर्षांपूर्वीच्या मालाची खोट दाखवतोय.

बरं, यादी नुसती जुनी असती तरी चाललं असतं. ती उलटी फिरते. पाचही बोटं जागेवर दिसली की पोरगं म्हणतं, "खरंय." आणि बोट कमी दिसलं की म्हणतं, "खोटंय." मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे कडबाकुट्टीत बोटं गेलेली माणसं गावोगाव भेटतात. अशा माणसाचा खराखुरा फोटो बघून एखादं पोरगं "एआय हाय, एआय हाय" म्हणून हसलं तर त्या यादीनं त्याला काय शिकवलं?

आता थोडं मोराकडे जाऊ. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. त्या भागात पावसाळ्याच्या तोंडाला मोर ओरडायला लागले की माणसं मान वर करून बघतसुद्धा नाहीत, इतकं ते रोजचं. आणि २०२४ मध्ये एक मजेशीर गोष्ट झाली होती. गूगलवर इंग्रजीत मोराचं पिल्लू शोधलं की पानभर एआयचीच चित्रं यायची. कापसाच्या बोळ्यासारखं पांढरंशुभ्र गोंडस पिल्लू, डोक्यावर तुरा, मागे इवलासा फुललेला रंगीत पिसारा. शहरातल्या लोकांनी 'सो क्यूट' म्हणून ती ढकलली. जगातल्या सगळ्यात मोठ्या शोधयंत्राला ती चित्रं खऱ्या फोटोंतून बाजूला काढता आली नव्हती.

गेल्या वर्षी जुलैत गावाकडे गेलो होतो तेव्हा जवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत तासभर मुलांशी बोललो. त्यांना हेच चित्र दाखवलं. पाचवीतली एक पोरगी दोन सेकंदांत म्हणाली, "सर, ह्ये मोराचं पिलू न्हाई. मोराचं पिलू कोंबडीवानी असतं." बरोबर! तपकिरी, मातकट, लांडोरीच्या मागे तुरुतुरु पळणारं. पिसारा फक्त नराला, आणि तोही पूर्ण यायला दोन-तीन वर्षं जातात. ते त्या पोरीनं पाहिलेलं होतं. तिनं बोटं मोजली नाहीत. (मोजायची तर मोराच्या पायाला किती बोटं असतात हे आधी माहीत हवं ना!) पिक्सेल बघितले नाहीत, सावली बघितली नाही. तिला मोर माहीत होता, बस्स.

लगेच तिसऱ्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, मग पेंग्विनचं पिलू कसं असतं?" आणि वर्ग गप्प. मला वाटतं खरा धडा तिथे सुरू होतो. जे आपल्याला माहीत आहे तिथे आपण गूगलपेक्षा शहाणे, आणि जिथे आपली माहिती संपते तिथे डोळे फाडून बघण्यानं काही होत नाही. तिथे विचारावं लागतं. कुणाला, काय, हे शिकवणं म्हणजे शिकवणं.

स्टॅनफर्डच्या सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू या दोघांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला होता. इतिहासाचे दहा पीएचडीवाले, स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी आणि बातम्यांची शहानिशा करणारे दहा व्यावसायिक लोक, अशांना वेबसाइटी दिल्या आणि सांगा म्हणाले विश्वासाच्या आहेत का. इतिहासकार आणि विद्यार्थी त्या पानातच घुटमळत राहिले. पान किती नीटनेटकं, लोगो कसा, वगैरे. शहानिशावाले मात्र पानावरून चटकन बाहेर पडले आणि इतर ठिकाणी विचारायला लागले की बाबा, हे लोक कोण आहेत. ते कमी वाचून लवकर आणि बरोबर निष्कर्षाला आले. म्हणजे वस्तूकडे टक लावून बघण्यापेक्षा तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करावी.

आता हे काय स्टॅनफर्डहून शिकायचं आहे होय! आमच्याकडे गावात अनोळखी माणूस दिसला की पारावरचा म्हातारा काय करतो? त्याची बोटं मोजत नाही. विचारतो, "पाव्हणं, कुठलं गाव? कुणाकडं आलाव?" तिसऱ्या प्रश्नाला पाहुण्याची सगळी सोयरीक बाहेर येते, नाहीतर पाहुणा तरी चुळबुळ करायला लागतो. फोटोलाही हेच विचारायचं. कुठलं गाव? कुणी आणलं तुला? त्याला कुणी दिलं? कधीचा तू? दहा वर्षांच्या पोराला हे शिकवायला प्रोजेक्टर लागत नाही. ते त्यानं आजोबांकडून आधीच ऐकलेलं आहे.

शिवाय या पद्धतीचा एक मोठा फायदा असा, की फोटो एआयचा आहे की नाही हा प्रश्नच मागे पडतो. आणि तो मागे पडायला हवा, कारण आजवर ज्या चित्रांनी माणसं मारली ती बहुतेक खरी चित्रं होती.

१ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी फिरत तिथे पोचले होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरलेली होती. जमावानं पाचही जणांना ठेचून मारलं. त्या महिन्यांत देशभर जी चित्रं फिरत होती त्यातली एक क्लिप मूळची कराचीतल्या एका संस्थेनं जनजागृतीसाठी केलेली होती. मुलं सांभाळा असं सांगणारा शेवटचा भाग कुणीतरी कापून टाकला होता. एक फोटो होता मेलेल्या लहान मुलांचा. तो २०१३ मध्ये सीरियात झालेल्या रासायनिक हल्ल्यातला. म्हणजे मुलं खरी, बोटं पाच, सावल्या बरोबर, पाटीवरची अक्षरं बरोबर. दहा खुणांच्या यादीत ते फोटो शंभर टक्के पास. "कुठलं गाव?" हा एकच प्रश्न नापास करणारा होता, आणि तो कुणी विचारला नाही. व्हॉट्सअ‍ॅपनं त्यानंतर त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी ढकलण्याची मर्यादा घातली. पाच माणसं गेल्यावर पाचची मर्यादा. असो.

आमच्या जिल्ह्याचं उदाहरण द्यायचं तर लवूळचं देतो. माजलगाव तालुक्यातलं हे गाव डिसेंबर २०२१ मध्ये जगभर गाजलं. मी तेव्हा पुण्यात ऑफिसमध्ये, आणि अमेरिकेतला एक सहकारी मला विचारतोय, "बीड म्हणजे तुझंच ना? ते माकडांचं?" माकडांनी सूड म्हणून २५० कुत्री मारली, अशी बातमी होती. लोकांनी त्यावर मीम्स केली, सिनेमातल्या माकडांचे फोटो जोडले, माकडं विरुद्ध कुत्री असं महायुद्धच लावून दिलं.

यात खरं काय? माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून छपरांवर, झाडांवर नेत होती, हे खरं. वर नेलेली पिल्लं पडून किंवा उपाशी मरत होती, हे खरं. वनखात्यानं दोन माकडं पकडून नागपूरकडे नेली, हेही खरं. पण २५०? कुणी वही घेऊन बसलं होतं का? आणि 'सूड' हा शब्द तर माणसांचा. माकडानं काही जबानी दिली नव्हती. तेव्हा एआयची चित्रं आजच्यासारखी हाताशी नव्हती, तरी अख्खं जग फसलं. फसलं असंही धड म्हणता येत नाही, कारण मूळ गोष्ट खरीच होती. एका खऱ्या खड्याभोवती गुळाचा पाक चढत गेला.

मला विचाराल तर बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक सहावीच्या वर्गात लवूळ शिकवायला हवं. फळ्यावर दोन रकाने करा. 'कुणी पाहिलं' आणि 'कुणी सांगितलं'. एकेक वाक्य घ्या आणि पोरांना रकाना विचारा. पंचेचाळीस मिनिटांचा तास मजेत जातो आणि पोरांना कळतं की एकाच बातमीत खरं आणि खोटं शेजारी शेजारी राहू शकतात. त्यात आपल्या जिल्ह्याची बातमी असली की कॉलर जरा ताठ होते, ते वेगळंच.

यापेक्षा गंभीर उदाहरण बिबट्याचं. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्यानं काही दिवसांच्या अंतरानं तीन जीव घेतले. त्यात एक दहा वर्षांचा मुलगा होता. लोक दिवसासुद्धा रानात एकटे जात नव्हते, ऐन तूर-कापसाच्या दिवसांत कामं ठप्प झाली. तो बिबट्या पुढे सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याकडे सरकला आणि डिसेंबरात तिथे गोळी घालून मारला गेला. हे ज्या पोरांच्या वस्तीवर घडलं त्यांच्यासाठी बिबट्याचा फोटो ही गंमत नसते. आता ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मधलं पुणे जिल्ह्यातलं बघा. शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलं गेली, रस्ते अडवले गेले, माणसं संतापलेली. आणि नेमक्या त्याच दिवसांत पुण्यात कुणीतरी हौशी लोक सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रस्त्याच्या कडेला एआयचे बिबटे बसवून फोटो पाठवत होते! वनखात्याला कारवाईचा इशारा द्यावा लागला.

अशा फोटोमुळे पहिल्या दिवशी घबराट होते. मला जास्त भीती सातव्या दिवसाची वाटते. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक पोराला माहीत आहे. सहा खोटे बिबटे बघितलेलं पोरगं सातव्या खऱ्या फोटोला "ह्ये पण एआयच" म्हणून संध्याकाळी उसाच्या कडेनं शाळेतून घरी निघालं तर? त्याला आपणच शिकवलेलं असेल ना, की नेटवरचं सगळं खोटं असतं?

म्हणून बिबट्याच्या बाबतीत मुलांना चित्र ओळखायला सांगूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाचं रान? कुणी बघितला? पाऊल उमटलंय का? आणि उत्तर काहीही येवो, मोठ्या माणसाला सांगायचं आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन करायला लावायचा. शंका घ्यायची ती फोटो पुढे ढकलण्यापुरती. सावध राहायला पुरावा लागत नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिथे येतो.

केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून खून झाला. मार्च २०२५ च्या सुरुवातीला त्या प्रकरणातल्या आरोपपत्रासोबतचे फोटो बाहेर आले आणि एका रात्रीत जिल्ह्यातल्या घराघरांत, पोराबाळांच्या हातातल्या मोबाइलपर्यंत पोचले. ते फोटो कसे होते ते मी इथे लिहिणार नाही. लहान मुलांनी ते बघायला नको होते, हेही उघड आहे. खटल्याविषयी मी बोलणार नाही, ते न्यायालयाचं काम. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तीन महिने जे शब्दांत सांगितलं जात होतं ते फोटोंमुळे लोकांच्या काळजाला भिडलं. जिल्हा बंद झाला, राज्यभर संताप उसळला, दुसऱ्याच दिवशी एका मंत्र्यानं राजीनामा दिला. समजा त्या दिवशी कुणी नुसतं म्हटलं असतं, "एआयनं बनवलेत हो", आणि लोकांनी खांदे उडवून मोबाइल खाली ठेवला असता तर?

रॉबर्ट चेस्नी आणि डॅनियल सिट्रॉन या अमेरिकेतल्या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी याला एक नाव दिलंय. मी त्याला मराठीत 'खोटारड्याची कमाई' म्हणतो. खोटी चित्रं वाढली की खऱ्या चित्रात अडकलेल्या माणसाला "ते खोटं आहे" म्हणून सुटायची सोय होते. म्हणजे आपण मुलांना घाऊक संशय शिकवला की त्याचा पहिला फायदा कुणाला, ते ओळखा.

पण थांबा, याला दुसरी बाजूही आहे आणि ती तितकीच आमच्या मातीतली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आईबाप सहा महिने ऊसतोडीला, पोरगी आजीपाशी, आणि घराला एकच घोर, की मागे काही वावगं होऊ नये. अशा घरातल्या बारा वर्षांच्या पोरीचा चेहरा कुणी टवाळानं उचलून भलत्याच चित्रावर बसवला तर त्या चित्राची शहानिशा कोण करणार? शाळा बंद, आणि पुढच्या वैशाखात मांडव. तिथे 'असं चित्र बनवता येतं, पोरीचा काही दोष नाही' हे आईबापाला माहीत असणं म्हणजे त्या पोरीचं अख्खं शिक्षण वाचणं आहे. आणि पोरीला १०९८ हा नंबर पाठ असणं.

म्हणजे एकाच जिल्ह्यात एका फोटोवर विश्वास ठेवायला शिकवायचं आणि दुसऱ्यावर ठेवू नको म्हणायचं. आणि दोन्ही चित्रं मोबाइलच्या काचेवर सारखीच दिसणार. आता सांगा, बोटं मोजून काय होणार?

आमच्या धंद्यातले लोक म्हणतात, यंत्रानं केलेली घाण यंत्रच साफ करेल. काही अंशी खरंय. गूगल आपल्या प्रोग्रॅमनं बनवलेल्या चित्रात सिंथआयडी नावाची डोळ्यांना न दिसणारी खूण टाकतं आणि नोव्हेंबर २०२५ पासून जेमिनीमध्ये फोटो टाकून ती तपासताही येते. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२५ मध्ये मसुदा काढून फेब्रुवारी २०२६ मध्ये नियम केले, की अशा चित्रांवर ठळक लेबल हवं. चांगलंच आहे. पण खूण सापडली तर चित्र बनवलेलं, एवढंच कळतं. नाही सापडली तर काहीच कळत नाही. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमनं बनवलं असेल, लेबल कापलं असेल, फोटोसोबतची माहिती व्हॉट्सअ‍ॅपवरून येता येता गळून गेली असेल. आणि हा फरक मोठ्या मोठ्या इंजिनिअरांना समजावताना माझा घसा बसतो. पोरांना मात्र पटकन कळतो. "शर्टावर चिखल दिसला म्हंजी खेळून आलाय. न्हाई दिसला म्हंजी शर्ट बदलला आसंल," असं त्याच वर्गातल्या एकानं सांगितलं. एवढं सोपं उदाहरण मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये सुचलं नसतं.

एक गोष्ट मात्र जपायला हवी. एआयचं चित्र म्हणजे पाप, असं मुलांच्या डोक्यात जाऊ देऊ नये. माझ्या आजीला कुणीतरी रोज सकाळी एआयचा विठोबा पाठवतं. ती स्क्रीनला हात लावून कपाळाला लावते. नातू शेजारून ओरडतो, "आजे, ह्ये खोटं हाय!" अरे बाबा, देवघरातल्या कॅलेंडरवरचा विठोबा तरी कुणी फोटो काढून आणला होता का? रविवर्म्याची लक्ष्मी समोर बसवून काढली होती का? चित्र काढणं हा गुन्हा नाही. चित्र साक्षीदार म्हणून उभं केलं, की त्याची उलटतपासणी सुरू. विठोबा साक्ष द्यायला आलेला नाही, बिबट्या आलाय. हा फरक दहा वर्षांच्या मुलाला नक्की कळतो. आणि आजीला चारचौघांत खोटं पाडू नये, हेही त्याच तासात शिकवावं.

कुणी म्हणेल, हे सगळं करणार कोण? गुरुजींच्या मागे आधीच शंभर अ‍ॅप आणि हजार माहित्या. मान्य. पण केरळातल्या कन्नूर जिल्ह्यानं हे २०१८ मध्ये करून दाखवलं होतं. २०१७ मध्ये तिथे गोवर-रुबेलाच्या लसीबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा उठल्या, लसीकरण अडलं. तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सुमारे दीडशे सरकारी शाळांत मुलांना अफवा तपासायला शिकवण्याचे वर्ग घेतले, 'सत्यमेव जयते' नावानं. नवी यंत्रं नाहीत, नवा विषय नाही. पुढे २०२२ मध्ये अख्ख्या राज्यानं त्याच नावानं शाळांमध्ये हे काम केलं आणि आता तिथल्या पाचवी-सातवीच्या पुस्तकात शहानिशा हा धडा आहे. जिल्हाच होता तो. बीडही जिल्हाच आहे.

फक्त आमच्याकडे वेळ साधायला हवी. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर, ट्रक भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पट्टा पडल्यावर मार्च-एप्रिलात परत येतात. मागे राहिलेली मुलं आजीपाशी नाहीतर गावातल्या हंगामी वसतिगृहाच्या आधारानं. त्या सहा महिन्यांत आई म्हणजे मोबाइलवरचा फोटो. फडात मोळी बांधताना, कोपीपुढे भाकरी थापताना. सगळंच खोटं असतं असं शिकवलेल्या पोरानं त्या फोटोकडे कसं बघायचं? आणि उद्या कुणी आईच्या आवाजात फोन करून, तिचा दवाखान्यातला फोटो पाठवून आजीकडे पैसे मागितले तर आजीनं काय करायचं?

म्हणून हा तास सप्टेंबरात घ्यावा, पालकसभेला आईबापासकट. अर्धा वेळ मोर आणि लवूळ. उरलेला अर्धा वेळ एवढंच, की प्रत्येक घरानं आपली एक खूण ठरवायची. फोनवर विचारायचा एक प्रश्न, ज्याचं उत्तर घराबाहेर कुणाला माहीत नाही आणि जो कधी कुठे लिहायचा नाही. त्या शाळेत मी मुलांना असे प्रश्न करायला सांगितले तेव्हा एकानं लगेच हात वर केला. "आमच्या काळ्या शेळीचा कंचा कान फाटलाय?" उत्तर मी विचारलं. त्यानं सांगितलं नाही.